खाकी गोधडी

जी गोधडी माझी नव्हती, ती मी एकीच्या नावावर दाखवली आणि तिसऱ्याच कुणाला विकू दिली. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं नानांबद्दल वाचताना तुम्ही हसलात, तरी मी कुठं उभा आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. हसायला हरकत नाही. आम्हीही हसत होतो.

सुईत दोरा ओवून झाला की नाना ती कपाळाला लावायचे आणि म्हणायचे, "डबल बेल." मग भोवती बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी "टिंग टिंग" म्हटल्याशिवाय त्यांचा पहिला टाका पडत नसे. एकदा सगळ्या ठरवून गप्प बसल्या. नाना सुई धरून तसेच बसून राहिले. चहा आला, निवला, त्यावर साय धरली. शेवटी नाते गावच्या भागीरथीला दया आली आणि तिनं घंटी दिली. "कंडक्टर झोपला व्हता वाटतं," एवढंच बोलून नाना निघाले.

नाना जन्मभर महाड डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. मी इथल्याच एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि आमच्या छोट्या हस्तकला संस्थेचा सचिव आहे. बाजारपेठेत सायकलच्या दुकानावर संस्थेची खोली आहे. वरच्या मजल्यावर, कारण पुराच्या भीतीनं महाडात तळमजल्यावर कापड कुणी ठेवत नाही. आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिथं येऊन गोधड्या शिवतात आणि आम्ही त्या शहरांतल्या प्रदर्शनांना पाठवतो. त्या बायकांत नाना एकटे पुरुष.

ते आले कसे, तर पाणी प्यायला. निवृत्तीनंतरही ते सकाळच्या गाडीनं पोलादपूरकडून महाडला यायचे, डेपोत बसायचे आणि मागं येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात हलवून "आन दे, आन दे, बास" करायचे. नव्या ड्रायव्हरांना ते आवडेना. कुणीतरी काहीतरी बोललं असावं. त्या दिवशी नाना आमचा जिना चढून वर आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "गो, तुमची लाईन डाव्या अंगाला खेचतेय."

भागीरथीनं मान वर न करता सुई पुढं केली. "मंग तुमी चालवा."

नाना बसले. गाडीच्या फाटलेल्या सीटा दाभणानं शिवून त्यांचा हात तयार झालेला होता. टाका मोठा पडत होता, पण सरळ. शेवटच्या गाडीच्या वेळेपर्यंत ते उठले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या आधी येऊन जिन्यात बसले होते.

त्यानंतर खोलीची एसटी झाली. दोरा संपला की "डिझेल संपलं", सुई मोडली की "पंचर". डबे उघडायच्या वेळी, "गाडी धा मिनटं थांबंल, आपलं सामान सांभाळा." चपला ते दाराकडं टाचा करून काढायचे. "मागं घेऊन लावलेली बरी, निघताना कटकट नाय." आणि स्वतःच्या लावून झाल्या की सगळ्या बायकांच्याही तशाच लावून ठेवायचे. गोधडीच्या कोपऱ्यावर आले की मात्र चेहरा बदलायचा. तेव्हा कुणी काही विचारलं, तर उत्तर न देता डोक्यावरच्या मोकळ्या जागेकडं बोट दाखवायचे. वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये, ही पाटी तिथं असल्याचं आम्ही सगळ्यांनी मान्य केलं होतं.

"नाना, जरा ओवरटेक करू द्या की," त्यांच्या शेजारची ओळ भराभर घालत भागीरथी म्हणायची.

"माझ्या गाडीला अजून कुनी ओवरटेक केलेलं नाय."

"म्हनून तर रोज लेट व्हायची. आमी नात्याच्या स्टँडावर उभ्या राहून म्हाताऱ्या झालो."

"म्हाताऱ्या झालात, पन पोचलात ना?"

संस्थेच्या कामाबरोबर नानांनी स्वतःची एक गोधडी घातली होती. ड्रेसचे जुने खाकी शर्ट आणि पँटी उसवून त्यांनी कापड जोडलं आणि त्यावर लाल दोऱ्यानं शिवायला घेतलं. पण ओळी सरळ नव्हत्या. वळत, वळसे घेत, एकमेकींच्या अंगावर येत वर चढत जायच्या.

"नाना, आता तुमची लाईन खेचतेय," भागीरथी म्हणाली.

"लाईन नाय ती. वरंध घाट हाय. ह्ये बघ, हितं वाघजाईचं वळन. हितं दुसरा गेर."

भोरच्या गाडीवर त्यांनी पुष्कळ वर्षं काढली होती. घाटातलं एकेक वळण ते आठवून शिवत होते, आणि एखादं चुकलं की दोन दिवसांचं काम उसवत होते. गोधडी पुरी झाली तेव्हा त्यांनी ती घडी घालून खोलीतल्या कपाटात ठेवली. "दिवाळीला मुंबईला न्यायचीय, मास्तर," म्हणाले. "तवर राहू द्या. घरात उंदीर हायत."

कुणासाठी, ते मी विचारलं नाही. मुलगा मुंबईला आहे एवढं माहीत होतं.

आता माझ्या चुकीकडं येतो.

मुंबईहून एक बाई येणार असं कळलं. मोठ्या गॅलरीत आधुनिक कलेची प्रदर्शनं लावणाऱ्या. त्यांना बायकांच्या हातच्या कामाचं प्रदर्शन करायचं होतं आणि आमच्या संस्थेचं माहितीपत्रक त्यांना आवडलं होतं. त्यात पहिलंच वाक्य होतं, "डोंगरातल्या बायकांनी, केवळ बायकांनी जपलेली कला." ते वाक्य मी लिहिलं होतं. मला त्याचा अभिमान होता.

आदल्या दिवशी मी नानांना बाजूला घेतलं. "नाना, उद्या जरा येऊ नका."

"का? माझं पासिंग नाय झालं?"

"तसं नाही. संस्था कागदावर बायकांची आहे. त्यांना समजावत बसायला नको."

नानांनी मान हलवली. "बरं. एक दिवस गाडी डेपोत." जिन्यात जाऊन त्यांनी चपला घातल्या. मला वाटलं, किती समजूतदार माणूस.

बाई आल्या. गोधड्या बघितल्या, छान छान म्हणाल्या, पण कुठंही थांबल्या नाहीत. मग त्यांनी आपल्या हातानं कपाट उघडलं आणि ती खाकी गोधडी बाहेर ओढली. जमिनीवर पसरून बराच वेळ तिच्याभोवती फिरल्या. मी इतकी वर्षं मुलांना चित्रकला शिकवतोय, आमच्या कुठल्याही गोष्टीकडं कुणी असं बघितलेलं नव्हतं.

"ही कुणी केली?" त्यांनी विचारलं.

खोलीत सगळ्या बायकांनी माझ्याकडं बघितलं. मला फक्त "नानांनी" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "भागीरथीनं."

भागीरथीनं तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या सांगण्यावर तिच्या घरची मिळकत अवलंबून होती. ते मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचतं.

नानांना मी सांगितलं, की तुमची गोधडी प्रदर्शनाला मुंबईला गेली, परत येईल. नाव मी सांगितलं नाही. त्यांना गंमत वाटली. "माझ्या आधी पोचली?" म्हणाले. "दिवाळीआधी येईल नव्हं?"

"येईल," मी म्हणालो.

उद्‌घाटनाला मी भागीरथीला घेऊन गेलो. पांढऱ्या भिंतीवर एकटी ती गोधडी, वरून दिवा, खाली भागीरथीचं नाव. लोकांनी तिला गराडा घातला. एकानं विचारलं, या लाल रेषांमधून तुम्हाला काय म्हणायचं आहे? भागीरथीनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"मला नाय ठाव. ज्यानं चालवली त्याला इचारा."

गॅलरीच्या बाईंनी ते लगेच टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात भागीरथीचा फोटो, तिचं ते वाक्य आणि खाली ओळ, "आपल्या निर्मितीचं श्रेय निसर्गशक्तीला देणारी कलावती." परतीच्या गाडीत ती महाडपर्यंत बाहेर बघत बसली असती तरी चाललं असतं, पण तिनं पेणच्या अलीकडंच तोंड फिरवलं आणि म्हणाली, "सर, तुमी मला चोर केलंत." मग परत खिडकीकडं वळली.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोधडी परत तरी आली असती. प्रदर्शन संपताना गॅलरीतून फोन आला. एका संग्राहकाला ती हवी होती, संस्थेनं हो म्हणावं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. कारण सांगायचं तर खोटं उघडं पडणार होतं, आणि पुढच्या वर्षी आम्हाला कोण बोलावणार होतं? मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. तास सुरू झाला होता. मी हो म्हणालो.

नंतर मी परत फोन केला, नाही असं नाही. गोधडी देशाबाहेर गेली होती.

नानांनी तो पेपर बऱ्याच दिवसांनी बघितला, पोलादपूरच्या स्टँडावर, भजी बांधून आलेला. दुसऱ्या दिवशी ते आले, बसले, भागीरथीला म्हणाले, "फोटो झकास आलाय गो." ती रडायला लागली. मग मला सांगावंच लागलं, नावाचंही आणि विकल्याचंही. जे घडलं तसं सांगितलं, पण माफी मागितली नाही. संस्थेच्या भल्यासाठी, बायकांच्या भल्यासाठी असे शब्द वापरले. नाना ऐकत होते. मग त्यांनी हातातली ओळ पुरी केली, दोरा दातानं तोडला, सुई कापडात टोचून ठेवली आणि उठले. भांडण नाही, काही नाही. त्यानंतर ते आले नाहीत. निरोप आला, डोळ्यांना त्रास होतोय.

खोलीत काम चालूच राहिलं. चपला जिन्यात कशाही पडलेल्या असायच्या. भागीरथी माझ्याशी कामापुरतं बोलायची. एकदा म्हणाली, "डोळे चांगले हायत त्यांचे. तुमीच बगून या."

दिवाळी होऊन गेल्यावर मी गेलो. तोवर धीर झाला नाही, हेही लिहून ठेवतो.

पोलादपूरच्या पुढं गाडीतून उतरून वर चढावं लागतं. वाडी डोंगराच्या कुशीत आहे, घरं चांगली पक्की, बहुतेकांना कुलूप. माणसं मुंबईला. नाना एका घराच्या खिडक्या उघडत होते. कमरेला किल्ल्यांचा झुबका. वाडीतली निम्मी घरं त्यांच्या ताब्यात होती. रोज एक-दोन घरं उघडायची, वारा खेळवायचा, परत लावायची. "बंद राह्यली की घरं आंबतात," म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या घरात एक खुर्ची होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले.

चहा त्यांनीच केला. मी विचारलं, वहिनी?

"मुंबईला. नातवाला सांभाळायला गेली. दोन म्हैन्यांसाठी गेली व्हती." त्यांनी कपातली माशी बोटानं काढली. "पोराला दुसरं झालं. मंग ऱ्हायली. आता पहिल्याची शाळा हाय."

"तुम्ही का नाही जात?"

"जातो की. चार दिस बरं वाटतं. मंग कुठं बसू कळत नाय." मग म्हणाले, "तिला सांगितलंय, महाडला डेपोच्या मिटिंगी असतात. बायकांत बसून शिवतो म्हनलं असतं तर पोटभर हसली असती."

तेव्हा मला कळलं, गोधडी कुणाची होती.

मी कप खाली ठेवला. "नाना, मी तुमच्याकडं माफी—"

"थांबा, मास्तर." ते उठले. आवाज चढलेला नव्हता. "माझी असती तर मी बोललो असतो, जाऊ द्या. ती माझी नव्हती. जिची व्हती तिला सांगा. माझ्यानं नाय सांगवत."

त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून बटणं दाबली, स्पीकर लावला आणि माझ्या हातात देऊन पाठ फिरवली.

पलीकडं कार्टून लागलेलं होतं, एक मूल किंचाळत होतं, कुकरची शिट्टी. "हॅलो? जेवलात का? औषीद घेतलं?"

मी माझं नाव सांगितलं. नाना ठीक आहेत, हे आधी सांगितलं. मग सगळं सांगितलं, पाणी प्यायला आले तिथपासून. मध्ये त्या फक्त मुलाला "गप ऱ्हा रे" म्हणाल्या आणि टीव्ही बंद झाला.

"ह्यांनी शिवली?" त्यांनी विचारलं. "सुईनं?"

"हो. स्वतःच्या हातानं. तुमच्यासाठी."

"मला बोलले नाय कधी." मग आवाज एकदम बारीक झाला, जणू मुलानं ऐकू नये. "एकट्याची व्हती, का दोघांची?"

मी नानांकडं बघितलं. ते समोरच्या कुलूप लावलेल्या घरांकडं बघत होते, किल्ल्या मुठीत घट्ट धरून, वाजू नयेत म्हणून. मुंबईला पाठवताना ती गोधडी मी स्वतः पसरून घडी घातली होती. माझे दोन्ही हात ताणूनही पुरले नव्हते.

"दोघांची होती, वहिनी," मी म्हणालो. "आणि मी ती विकू दिली. माझं चुकलं. मला माफ करा."