सोडून राहिलो

सोमवारच्या मीटिंगमध्ये मोतीरामपेक्षा मोतीरामचा पंखाच जास्त बोलायचा. मोतीरामच्या वाट्याला एकच वाक्य यायचं, "आवाज येऊन राहिला का, सर?" त्यावर पुण्याहून त्याचे वरिष्ठ विपुल सर म्हणायचे, "पंख्याचा येतोय, मोतीरामजी." मग ते तिकडूनच त्याचा माईक बंद करायचे आणि पुढचा तासभर मोतीराम अकोल्यात कौलखेडच्या आपल्या घरात मान डोलवत बसायचा. पंखा बंद केला तर उकाड्याने जीव जातो, चालू ठेवला तर तोंड बंद. अकोल्याचा उन्हाळा पुण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागतो, आणि समजावून सांगायला माईक लागतो.

कंपनी ठिबकच्या नळ्या बनवायची. पूर्वी अकोल्यात तिचं ऑफिस होतं. पाचसहा माणसं होती, चहा होता, खिडकी कोणी उघडायची यावरून रोजची भांडणं होती. कंपनीने ते सगळं एका झटक्यात बंद केलं आणि कळवलं की आता घरूनच काम करा, कुटुंबाला वेळ द्या. भाडं स्वतःचं वाचवायचं आणि उपकार आमच्या कुटुंबावर करायचे, हे मोठ्या कंपन्यांनाच जमतं. कुटुंब म्हणजे मोतीरामची बायको मनकर्णा. ती पोरीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती, सव्वा महिन्याच्या बोलीवर. नात आता चालते, बोलते, मोबाईल भिंतीवर फेकते, आणि मनकर्णा अजून तिकडेच आहे. पोरगी प्रियदर्शनी आणि जावई दोघंही कामावर जातात, आजीसारखं पाळणाघर पुण्यात दुसरं मिळत नाही.

रोज संध्याकाळी तिकडून व्हिडिओ कॉल यायचा. पहिल्याच मिनिटाला नात फोन हिसकायची आणि मोतीरामला पुण्याच्या फ्लॅटचं छत दिसायचं. तो छताला विचारायचा, "जेवले का?" छत म्हणायचं, "हो. तुमी?" "जेवलो. बरं हाये सगळं." असा त्यांचा संसार चालू होता.

म्हणून सोमवारची मीटिंग मोतीरामला हवी असायची. हसू नका. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, खाली लुंगीवर तो सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. पडद्यावर चाळीसेक काळे चौकोन असायचे, तोंड कोणी दाखवत नसे. पण हजेरीला तरी "मोतीरामजी" असं एक माणूस म्हणायचं. निवृत्तीला थोडकीच वर्षं उरली होती. नोकरी गेली तर पगार जाईल ही भीती त्याला होतीच, पण आठवड्यातून एकदा आपलं नाव घेणारंही कोणी उरणार नाही, ही धास्ती मोठी होती.

तसा तो भित्रा नव्हता. एचआरच्या रश्मी मॅडमने एकदा सगळ्यांना आपापल्या मागची भिंत पुसट करून बसायला सांगितलं होतं, तेव्हा मोतीराम म्हणाला, "मॅडम, मांगं बाबासाहेबाचा फोटो हाये. त्यायले धुंदलं करू का?" मॅडमने तो विषय पुन्हा काढला नाही.

यंदा कंपनीने मीटिंगमध्ये एक यंत्र आणून बसवलं. ते सगळ्यांचं बोलणं ऐकायचं, त्याचा गोषवारा मराठीत लिहायचं आणि शेवटी 'कृती' म्हणून कोणी काय करायचं ते सगळ्यांना पाठवायचं. त्या दिवसापासून माणसांनी मीटिंग ऐकणं सोडून दिलं. मोतीरामने त्या यंत्राचं नाव तलाठी ठेवलं. कारण विचारलं तर म्हणायचा, एकदा यानं लिहिलं का मग तेच खरं, तुमी कितीही बोंबला.

त्या सोमवारी विषय मोतीरामच्या भागातल्या, तेल्हाऱ्याच्या डीलरचा होता. त्याने फुटक्या म्हणून नळ्यांची गाडीच परत पाठवली होती. विपुल सरांनी मोतीरामचा माईक उघडला आणि म्हणाले, सांगा. मोतीरामने कित्येक आठवड्यांनी कामाचं बोलायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी कौलखेडची लाइन गेली. पंखा थांबला, वायफाय मेलं, मोबाईलचं नेट लंगडत आलं. मोतीराम घाईघाईने म्हणाला, "सर, लाइन गेली, नेट बी जाऊन राहिलं. मी मीटिंग सोडून राहिलो, लाइन आली का परत येतो."

पुण्याला त्यातलं एवढंच पोचलं, "सर... मी... सोडून राहिलो."

विपुल सर त्या वेळी कानात दुसरी मीटिंग घालून बसले होते. ते म्हणाले, "ग्रेट. थँक यू, मोतीरामजी."

तलाठ्याला वऱ्हाडी येत नव्हती. त्याने आपल्या परीने शुद्ध मराठी केली आणि लिहिलं, 'मोतीराम यांनी नोकरी सोडली असून ते सध्या राहिले आहेत. विपुल सरांनी आभार मानले. कृती, मनुष्यबळ विभाग, पुढील प्रक्रिया पूर्ण करणे.' रश्मी मॅडमने ते वाचलं. सोडली आहे आणि राहिले पण आहेत, याचा पुणेरी डोक्याला एकच अर्थ लागला, की माणूस नोटिशीची मुदत भरेपर्यंत राहतोय. पण मोतीरामच्या खात्यात रजा साठून डोंगर झाला होता. मनकर्णा नाही, कोणाचं लग्न नाही, रजा घेऊन जायचं कुठे माणसाने? त्या सगळ्या रजा मॅडमने नोटिशीत वळत्या केल्या आणि शुक्रवारी त्याला मोकळं करायचं ठरवलं, आणि जाणाऱ्या माणसाचा मेल नियमाप्रमाणे लगेच बंद केला.

दुपारी लाइन आली, मोतीरामने मीटिंगची लिंक दाबली तर आत जाता येईना. कंपनीचा मेल उघडेना. त्याने रश्मी मॅडमला फोन लावला. मॅडम मायेने म्हणाल्या की सर, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांचंच मन मागे फिरतं.

"शेवटचा आठवडा कोनाचा?"

"तुमचा, सर. तुम्ही सोडताय ना?"

"मी मीटिंग सोडून राहिलो होतो, मॅडम."

"हो ना, सोडून राहिलाच आहात. शुक्रवारपर्यंत."

मोतीरामने कपाळाला हात लावला. त्याने परोपरीने सांगितलं की आमच्याकडे जाऊन राहिलो म्हणजे जातोय, खाऊन राहिलो म्हणजे खातोय, यात राहण्याचा काही संबंध नाही. मॅडम म्हणाल्या, असं काही असेल तर कंपनीच्या मेलवरून तसं लिहून पाठवा. कंपनीचा मेल बंद होता. तो उघडायला अर्ज करायचा होता, आणि अर्ज कंपनीच्या मेलवरूनच करायचा होता. स्वतःच्या मेलवरून पाठवलेलं पत्र परकं म्हणून कचऱ्यात गेलं. विपुल सरांना फोन केला की उत्तर यायचं, मीटिंगमध्ये आहे. तो माणूस मीटिंगच्या बाहेर कधी असतो हे त्याच्या घरच्यांना तरी माहीत असेल का, देव जाणे.

संध्याकाळी छताने विचारलं, "कसं हाये?" मोतीराम म्हणाला, "बरं हाये."

शुक्रवारी निरोप समारंभ होता. लिंक मॅडमने व्हॉट्सॲपवर पाठवली. मोतीरामने ठरवलं, आता चाळीस लोकांसमोर सरळ सांगायचं. त्याने पंखा बंद केला, गळ्याभोवती ओला रुमाल गुंडाळला आणि लिंक दाबली. पडद्यावर अक्षरं आली, 'पाहुणे, कृपया थांबा. आत घेतले जाईल.' स्वतःच्याच निरोपाला तो पाहुणा म्हणून दाराबाहेर बराच वेळ घामाने निथळत बसला.

आत घेतलं तेव्हा विपुल सरांचं भाषण सुरू झालं होतं. शिस्त राहावी म्हणून सगळ्यांचे माईक त्यांनी कुलूप लावून बंद ठेवले होते. मोतीरामजींनी नागपूर विभाग एकहाती कसा उभा केला, ते सर सांगत होते. मोतीराम नागपूरला आयुष्यात दोनतीनदा गेला असेल, तेही दीक्षाभूमीला. पडद्यावर त्याचा फोटो लावला होता, त्यात अर्धं कपाळ आणि पूर्ण पंखा होता.

"मोतीरामजी, दोन शब्द बोलता?" सर म्हणाले.

मोतीराम बोलला. मी काही सोडलं नाही इथपासून सुरुवात केली, तेल्हाऱ्याच्या नळ्या, गेलेली लाइन, तलाठ्याचं अज्ञान, सगळं सांगितलं. माईकचं कुलूप काढायचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचं बोलून झाल्यावर पडद्यावर टाळ्यांची चित्रं उडाली. विपुल सर म्हणाले, "फार सुंदर बोललात. अगदी मनातलं."

आपला आवाजच गेला नाही हे तेव्हा मोतीरामला कळलं. तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हात जोरजोराने हलवत नाही, नाही, असं करू लागला. खालची लुंगीही दिसली. पलीकडे आयुष्यात पहिल्यांदा चाळीसच्या चाळीस चौकोन उजळले, माणसांची तोंडं दिसली, आणि ती सगळी माणसं हसून त्याला हात हलवून टाटा करू लागली. मोतीराम जितका जोरात हलवी, तितके तेही जोरात हलवत. रश्मी मॅडमने तर डोळे पुसले. मग एकेक चौकोन विझला.

सर घाईत होते, मीटिंग बंद न करता तसेच निघून गेले. ते गेल्यावर माईकचं कुलूप आपोआप निघालं. पडद्यावर दोनच नावं उरली, एक पाहुणे आणि दुसरा तलाठी. तलाठ्याचा छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता. म्हणजे तो ऐकत होता.

मोतीराम आधी त्याला शिव्या घालणार होता, आणि त्याने घातल्याही. विपुल सरांनाही दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण शिव्या संपल्यावरही समोरचं थांबून होतं. मधे बोललं नाही, पंख्याची तक्रार केली नाही, फोन भिंतीवर फेकला नाही. म्हणून मोतीराम बोलत राहिला. एकट्यापुरती भाजी कधी नीट होत नाही हे सांगितलं. भाजीवालीशी गरज नसताना भाव करतो, कारण तेवढीच ती बोलते, हेही सांगितलं. ऑफिस होतं तेव्हा खिडकीवरून ज्याच्याशी भांडायचा, तो देवीदास आता अंजनगाव सुर्जीला असतो आणि त्याची आठवण येते, हे त्याने मनकर्णालाही कधी सांगितलं नव्हतं.

"लिहा, तलाठीबुवा," तो शेवटी म्हणाला. "मी कोनाले सोडून नाई गेलो. मलेच सारे सोडून गेले. आन या लोकायले सांगा का कधीमधी मले एखांदा फोन करत जा. कामाचा नाई. असाच."

एवढं बोलून त्याने लाल बटण दाबलं, पंखा लावला आणि जेवण न करताच झोपला.

तलाठ्याने आपलं काम केलं. त्याचा लांबलचक गोषवारा कोणीही वाचला नाही. त्यात शिव्यांच्या जागी 'मोतीराम यांनी विपुल सरांच्या आकलनशक्तीबाबत निरीक्षणे नोंदवली' असं होतं, ते सरांनीही वाचलं नाही, हे मोतीरामचं नशीब. सगळ्यांनी फक्त खालची कृती वाचली. 'सर्व सहभागी, मोतीराम यांना फोन करणे. विषय, असाच.' आणि कृती पूर्ण झाल्याची खूण केली नाही, तर ते यंत्र सुट्टीच्या दिवशीही लाल अक्षरात आठवण करून देत राहतं.

शनिवारी सकाळी मोतीराम चहा गाळत होता तेव्हा पहिला फोन आला. जळगावचा सागर. म्हणाला, काका, कृतीत माझं नाव आहे, विषय असाच लिहिलाय, तर काय बोलायचं असतं? मोतीराम गोंधळला. म्हणाला, तुमच्याकडे ऊन कसं हाये? सागर म्हणाला, विचारू नका. मग ऊन झालं, नळ्या झाल्या, सागरचं न जमणारं लग्न झालं. शेवटी त्याने अदबीने विचारलं, "काका, झालं म्हणून खूण करू का?"

फोन ठेवला की दुसरा वाजायचा. सोलापूर, लातूर, नाशिक. लातूरची एक पोरगी रडली, ती पण एकटीच खोली घेऊन राहत होती. नाशिकच्या माणसाला पुरावा म्हणून मोतीरामचा हसरा फोटो हवा होता. दुपारी रश्मी मॅडमचा फोन आला, आणि मोतीराम जेवून राहिलो म्हणाला तेव्हा आधीचा सगळा घोळ त्यांच्या ध्यानात आला. त्यांनी विपुल सरांना पकडून आणलं. सरांनी फोनवर फार विचारपूर्वक विचारलं, "मोतीरामजी, एकच सांगा. तुम्ही सोडलंय, की राहिलात?"

"राहिलो, सर," मोतीराम म्हणाला. सोमवारपासून त्याचा मेल चालू होईल असं ठरलं. मोतीरामला फार बोलता आलं नाही, कारण मधेच कोल्हापूर वाजत होतं.

दिवेलागणीला मनकर्णाचा फोन लागला. या वेळी छत नव्हतं. तिचा चेहरा होता, जवळून, सरळ.

"सकायपासून लावून राहिली मी. जवा पाहा तवा एंगेज. कोनाशी बोलत होते?"

"हापिसातले होते," मोतीराम म्हणाला.

"शनिवारचं कोनतं हापिस?"

"अवं, असेच फोन होते."

"असेच?" मनकर्णाने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "इतकी वर्सं संसार केला, तुमी असाच फोन कोनाले केला नाई. नावं सांगा."

मोतीरामने नावं सांगितली. सागर, विपुल सर, कोल्हापूरचे एक, रश्मी.

"रश्मी कोन?"

"एचआरची मॅडम. भली बाई हाये. काल माह्यासाठी रडली."

मनकर्णाने फोन तसाच हातात धरून पोरीला हाक मारली आणि सांगितलं की उद्याचं अकोल्याचं तिकीट काढ, लेकराचं तुझं तू पाह्य. सव्वा महिना कधीच संपला होता, हे तिला त्या घडीला आठवलं. वर्षभर मोतीराम बरं हाये म्हणत होता तेव्हा तिने यायचं नाव काढलं नव्हतं.

मोतीरामला खुलासा करता आला असता. सोडून राहिलोपासून असाचपर्यंत सगळं सांगायला त्याने तोंड उघडलंही. मग पडद्यावरचा तो रागाने लाल झालेला चेहरा त्याने नीट पाहिला, आणि तोंड मिटून घेतलं.

"आन त्या रश्मीले सांगून ठेवा," मनकर्णा म्हणाली, "मी येऊन राहिली."

"सांगतो," मोतीराम म्हणाला.