लायटर ठेवून आत जा

आमच्या सिलिंडर भरण्याच्या कारखान्याच्या गेटवर खरातमामा माणसांचे वास घेतात. खरोखरच घेतात. खिसा चाचपला की बोटं नाकाशी नेतात. "तंबाखू असंल तर ऱ्हाऊ द्या. काडीपेटी काढा." दसऱ्याला गुरुजींच्या पिशवीतला कापूरसुद्धा काढून घेतला. पूजा नुसत्या फुलांवर झाली. मामा म्हणाले, "देव समजून घील. गॅस न्हाई घ्येनार."

मी तिथं हजेरी बघतो. मामा ठेकेदाराकडचे कामगार. इतकी वर्षं गेटवर काढली, तरी कागदावर 'हेल्पर', पगारही तोच. म्हणून नवे पहारेकरी टिकतच नाहीत. काय बघायचं ते शिकेपर्यंत निघून जातात. अशा धोक्याच्या जागी पहारेकऱ्याला कुशल कामगाराचा दर द्या, असा अर्ज आम्ही करून बसलो होतो.

बऱ्याच खेपांनंतर कामगार खात्याचे साहेब चौकशीला आले. खिशात लायटर! मामांनी अडवलं. ठेकेदार धावत आला.

"अहो मामा, साहेब तुमचाच पगार वाढवायला आलेत!"

"वाढवू द्या की. लायटर हितं ठिवून वाढवा."

साहेब उन्हात बराच वेळ भांडले, मग लायटर देऊन आत आले. "या कामाला कौशल्य कसलं लागतं?" त्यांनी विचारलं.

"आत्ता गेटवर बगितलं न्हवं?" मामा म्हणाले.

साहेब हसले नाहीत. अर्ज त्यांनी 'वर' पाठवला. वर म्हणजे कुठं, ते अजून कळलेलं नाही. आम्ही विचारायचंही सोडलं.

गेल्या महिन्यात सावेडीतल्या एका मॉलनं मामांना बोलावलं. पगार जास्त, बसायला गारव्यात. मी म्हटलं, "जा मामा. गुडघे गेलेत तुमचे."

त्यांनी कंपाउंडच्या भिंतीकडं बोट केलं. पलीकडं अंगणवाडी आहे. "मी गेलो की हितं नवा बसंल. त्यो सायबाला सलाम ठोकंल आन् सोडंल आत."

"अहो, पण स्वतःच्या घरादाराचा..." म्हणता म्हणता मी जीभ चावली. मामी जाऊन तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतंच.

तेवढ्यात पलीकडं अंगणवाडी सुटली, गलका उठला. मामा मान कलती करून ऐकत राहिले.

"आज आरोहीचा आवाज न्हाई," ते म्हणाले. "ताप उतरला नसंल तिचा."