पहिल्या नंबरचा भिला

मंडळी, हुतूतूचा खेळाडू ओळखायला मला एक नजर पुरते. दुसरी टाकायची गरजच पडत नाही! निदान बासष्ट सालापर्यंत माझी अशी पक्की समजूत होती.

तेव्हा मी शहाद्याला बन्सीलाल शेठच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो आणि जिनिंगच्या हुतूतू संघाचा सेक्रेटरीही. शहादा, तळोदा, नंदुरबार, नवापूर अशा चार जिनिंगांची दरसाल स्पर्धा व्हायची आणि चार वर्षं आम्ही चौथे! पाचवा संघ नव्हता म्हणून, नाहीतर पाचवे आलो असतो.

अशात अपेंडिक्ससाठी मी चिंचपाड्याच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होतो. तिथे कॅनडाचा एक पाहुणा साहेब भेटला. मोडक्यातोडक्या हिंदीत तो म्हणाला, आमच्याकडे फुटबॉलचे पगारी संघ असतात. दरवर्षी ते विद्यापीठातली पोरं पाळीपाळीनं निवडून घेतात. आणि जो संघ शेवटचा, त्याला निवडीचा पहिला मान!

मी टाक्यांसकट उठून बसलो. शेवटचा? अहो, त्या बाबतीत आमचा हात धरणारा कोण होता!

मी तोच कायदा चारही जिनिंगांच्या गळी उतरवला. धुळ्याच्या कॉलेजातून एकेक गडी निवडायचा, त्याला जिनिंगमध्ये कायमची नोकरी. पहिली निवड आमची!

लगेच धुळ्याला सामना बघायला गेलो. काय गडी दिसला म्हणता! सागाच्या खोडासारखा! चार जण पायाला लटकलेले, तरी हा आपला नांगर ओढल्यासारखा त्यांना ओढत रेषेपर्यंत आला. असा गलका उठला, की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येईना. शेजारी एक चष्मेवाला पोरगा शेंगदाणे खात उभा होता. मैदानाकडे बोट दाखवत मी त्याच्या कानात ओरडलो, "नाव काय?"

"भिला पाटील!"

"कोणत्या वर्गात?"

"बी.ए.! शेवटचं वर्ष!"

"गाव?"

"कळसाडी!"

आमच्याच तालुक्यातला! मी आनंदानं त्याचेच चार शेंगदाणे तोंडात टाकले.

निवडीची सभा नंदुरबारला भरली. मी उभा राहून गर्जना केली, "आमची निवड, भिला पाटील, कळसाडी!"

तळोद्याचे शांतीलालभाई यादी चाळत म्हणाले, "हा कोण? खेळाडूंत तर नाव नाही."

"यादी काय बघता? मी माणूस बघितलाय!"

मग तळोद्यानं कुणा करमसिंग वळवीला घेतलं. बिचारे! मला त्यांची दयाच आली.

बी.ए.ची परीक्षा आटोपल्यावर भिलाला पत्र गेलं, 'आपली प्रथम क्रमांकाने निवड झाली आहे. नोकरी कायम.' तो यायच्या दिवशी बसस्टँडवर बँड, हार, गुलाल, शिवाय हुतूतू संघाचं रंगवलेलं स्वागताचं कापड! बस आली. आधी ट्रंक उतरली, मग एक म्हातारी, मग तो शेंगदाणेवाला! मला वाटलं, खेळाडू मागून येतोय. मागून फक्त कंडक्टर आला.

"भिला पाटील कुठाय?"

"मीच की! धुळ्याला तुम्ही माझं नाव नव्हतं का विचारलं?"

मी हातातला हार पाठीमागे लपवला. तेवढ्यात त्याची आई रेवाबाई माझे हात धरून म्हणाली, "भाऊ, मन्हा आंडोर सारासमा पहिला उना! गावभर गूळ वाटा मी. तुमनाकरता त्यानी मास्तरकी सोडी दिधी!"

आता सांगा, पोरगा सगळ्यांत पहिला आला म्हणून गूळ वाटणाऱ्या त्या माउलीला काय सांगायचं?

भिला कुजबुजला, "साहेब, त्या कापडावर 'हुतूतू' का लिहिलंय? मला वाटलं, इंग्रजी पत्रव्यवहारासाठी..."

"गप! आई ऐकतेय!"

शेठनी त्याला वरखाली न्याहाळलं. "चुनीलाल, हाऊ इतला बारीक कसा शे?"

"चपळ आहे, शेठ! कॅनडात असेच निवडतात!"

सराव सुरू झाला. पहिल्या चढाईत 'हुतूतू' म्हणता म्हणता त्याला शिंक आली. दुसऱ्या दिवशी चष्मा काढून खेळवला, तर तो बाहेर उभ्या पानवाल्याला शिवून विजयी मुद्रेनं परत आला!

आणि सामना आला. समोर तळोदा. करमसिंग मैदानात उतरला. सागाचं खोड! तेच!

बघता बघता अठ्ठावीस विरुद्ध शून्य. आमचे सगळे बाद, एका कोपऱ्यात भिला तेवढा उरलेला. करमसिंग घुमत आला, "हुतूतूतूतूतू..." भिलानं डोळे मिटून घेतले. कडेला उभी रेवाबाई त्याला पळायला सांगत किंचाळली, "भिला! पय रे, पय!"

करमसिंग जागीच थबकला. "भिला? लेका, तू इथं काय करतोस?"

शिट्टी! दम तुटला! करमसिंग बाद!

दोघं तीन वर्षं वसतिगृहात एका खोलीत राहिलेले, हे नंतर कळलं. तेव्हा कुणाला भान होतं! बँडवाल्यांनी वरातीचं गाणं सुरू केलं, शेठनी टोपी उडवली, लोकांनी भिलाला खांद्यावर घेतलं. आम्ही अठ्ठावीस-एकनं हरलो. पण तो एक! वर्षभरात करमसिंगला कुणी बाद केलं नव्हतं, हो!

दुसऱ्या दिवशी मात्र मला राहवेना. शेठसमोर हात जोडून सगळं कबूल केलं.

शेठ पोट धरून हसले. "मले पहिलाच दिन मालूम पडनं. त्या पोऱ्यानीच सांगं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुन्हं तोंड दखामा मजा ई ऱ्हायनी होती! आनि पोऱ्या कामना शे. इंग्रजी कागद तुन्हापेक्षा बेस लिखस."

ते खरंच होतं. भिला राहिला, आणि वर चढत गेला. आज तो हेडक्लार्क आहे आणि माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही लागते. कालच अर्ज करायला बसलो. धुळ्याला सामने आहेत ना! कारणाच्या रकान्यात 'हुतूतू' लिहायला घेतलं, समोर चष्म्यातून बघणारा भिला दिसला, आणि मुकाट्यानं 'पोटदुखी' लिहून मोकळा झालो.