मोहिते सरांपुढे नाइस म्हणू नये

आमच्या कॉलनीत मोहिते सरांसमोर ‘नाइस’ म्हणायला बंदी आहे. तसा बोर्ड कुठे लावलेला नाही, पण एकदा म्हणून बघा. सर चष्मा कपाळावर चढवतात, तुम्हाला हाताला धरून कट्ट्यावर बसवतात आणि विचारतात, “नाइस म्हंजे नक्की काय?”

एकदा गॅस सिलिंडर घेऊन आलेला माणूस त्यांच्या जास्वंदीकडे बघून सहज म्हणाला, “नाइस हाय, सर.” झालं. टेंपो रस्त्यात आडवा, मागे हॉर्नचा गोंगाट, आणि सर विचारतायत, “रंग नाइस, का आकार? का नुसतं फूल मोठं हाय म्हणून?” तो बिचारा पुन्हा फुलाजवळ गेला, वाकून बघितलं आणि म्हणाला, “सर, पाकळीच्या कडंला झालर हाय बघा, ती.” सर खूश. “आता बोललास! जा.”

‘लई भारी’ला मात्र माफी आहे. किती भारी ते आवाजावरून कळतं, असं सरांचं म्हणणं.

सर मूळचे कुरुंदवाडचे. जन्मभर हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं आणि जन्मभर घरी कोल्हापुरी बोलले. ‘नाइस’ची कुळकथा ते भावकीतल्या एखाद्या वाया गेलेल्या पोराची सांगावी तशी सांगतात. “ह्याचा आजा लॅटिन. त्याचा अर्थ, ज्याला काय ठावं न्हाय असा. अडाणी. फ्रान्सवरनं इंग्लंडात आला तवा ‘नाइस’ म्हंजे यडा. पुढं लाजरा झाला. मग चोखंदळ झाला, ह्याला नाक मुरड, त्याला नाक मुरड. मग एकदम सुधारला. बारीक, नेमकं, काटेकोर, असा अर्थ आला. तेवढं एक वय सोन्यासारखं गेलं बघ त्याचं! आन् मग बिघडला. आता दिसंल त्याला गोड म्हणत गावभर हिंडतोय. अशा माणसाच्या सर्टिफिकेटला काय किंमत?”

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे कास्टिंग पास असतं नाहीतर रिजेक्ट. रिपोर्टवर ‘नाइस’ लिहिलं तर साहेब मला तिथूनच घरी पाठवतील. म्हणून असेल, सरांचा माझ्यावर जरा जीव आहे. मला मात्र त्यांचा कधीकधी अस्सा राग येतो की विचारू नका. नवीन मोटरसायकल घेतली तर पेढा खाण्याआधी आरशाचा कोन चुकलाय म्हणून सांगणारा शेजारी कुणाला आवडेल?

पण कॉलनीतल्या बायकांचं मत वेगळं. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपल्याकडची रीत. सर एकटे. काकू गेल्यापासून त्यांच्या गॅसवर चहाशिवाय काही चढत नाही. मग वाटीत घालणार काय? तर सर वाटी घासून पुसून परत आणतात आणि दारात उभं राहून त्या पदार्थाबद्दल नेमकं काय ते सांगतात. “वैशाली, आमटीत कोकम उशिरा टाकलंस, म्हणून वास राहिला. झकास केलंस.” वैशाली म्हणजे आमची सौभाग्यवती. इतक्या वर्षांत मी तिला “बरी झालीय” यापलीकडे काही सांगितलेलं नाही. त्यामुळे चांगलंचुंगलं काही झालं की पहिली वाटी सरांकडे जाते आणि मी कढईकडे बघत बसतो.

काकू होत्या तेव्हा या नेमकेपणानं एकदा मात्र घात होता होता राहिला. सरांच्या एकुलत्या एका मुलीला, मंजूला, पुण्याहून स्थळ आलं होतं. पोहे झाले. मुलाला कुणीतरी विचारलं, मुलगी कशी वाटली? मुलगा सज्जन, लाजून म्हणाला, “नाइस.” मी तिथंच होतो. सरांचा चष्मा कपाळावर चढताना बघितला आणि मी डोळे मिटून घेतले. “म्हंजे नक्की काय?” सरांनी विचारलं, आणि मग शांतपणे सांगितलं, “जुन्या हिशेबानं तुम्ही आत्ता माझ्या पोरीला यडी म्हणालासा, पावणं.” मुलाच्या मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

काकू चहाचा ट्रे घेऊन धावत आल्या. “ह्यांचं मनावर घेऊ नगासा. हळद उतरायच्या आत मलाबी ह्यांनी असंच धरलंतं.” सगळे हसले आणि लग्न ठरलं. पण जावयांनी जो धसका घेतला तो आजतागायत. सासऱ्यांचा फोन आला की “हो”, “नाही” आणि “मंजूला देतो”, यापुढे त्यांची गाडी जात नाही.

काकू होत्या तोवर असं सगळं निभावून गेलं. त्या गेल्या आणि मंजूचं येणं कमी झालं. एकदा परत जाताना आमच्या दारात चप्पल घालता घालता ती वैशालीला म्हणाली, “काकी, इथं आलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.” हे सरांनी त्यांच्या खिडकीतून ऐकलं. त्यानंतर काही दिवस त्यांनी कुणाचीच वाटी घेतली नाही.

यंदा मंजूला इथल्याच एका कॉलेजात नोकरी मिळाली. जावयांचं काम घरून चालतं, तेव्हा बिऱ्हाड कोल्हापुरात येणार हे नक्की झालं. पण कुठे? सरांचा वरचा मजला मोकळा. सरांनी तो रंगवूनही घेतला, आणि पेंटरला निळ्या रंगाबद्दल जे काही ऐकवलं ते सगळ्या कॉलनीनं ऐकलं. मंजू मात्र फोनवर एवढंच म्हणाली, “दोन दिवस राहून बघते पप्पा, मग सांगते. नाहीतर भाड्यानं बघू.”

त्या संध्याकाळी सर आमच्याकडे आले. बसले नाहीत. “संजा,” ते म्हणाले, “मला नाइस म्हणायला शिकीव.”

मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून ते आतच राहिलं.

शिकवणी वैशालीनं हातात घेतली. सरांपुढे उपम्याची बशी ठेवली. “खावा आणि म्हणा.” सरांनी घास घेतला. “नाऽ...” कपाळावर घाम आला. “ना... वैशाली, रवा भाजताना तुला कुणाचा फोन आलता का?” आला होता, तिच्या बहिणीचा. दुसऱ्या दिवशी मी नवा शर्ट घालून पुढे उभा राहिलो. “नाइस!” सर ठणकावून म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. “कॉलर सोडली तर,” सर पुटपुटले. पण माणूस जिद्दीचा. मंजू यायच्या आदल्या दिवशी आमचा कपाटावरचा, वाकडा आलेला फॅमिली फोटोसुद्धा त्यांनी एका दमात नाइस करून टाकला.

मंजूनं आल्या आल्या आईच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि पांढऱ्या रश्श्याचा घाट घातला. जेवायला आम्हालाही बोलावणं होतं. सरांनी मला आधीच बजावलं, “माझ्या समोर बस. माझी जीभ सुटली तर टेबलाखालनं लाथ घाल.”

मंजूनं वाटी भरली, चष्म्यावरची वाफ पुसली आणि पळी हातात धरून तशीच उभी राहिली. सरांनी वाटी तोंडाला लावली, संपवली, खाली ठेवली. माझा पाय तयार होता.

“नाइस,” सर म्हणाले. पुढे नाही, मागे नाही, स्वच्छ.

मी सुटकेचा श्वास सोडला. पण मंजूचा चेहरा पडला होता. तिनं पळी पातेल्यात ठेवली. “पप्पा, बरं नाही का तुम्हाला?”

“बरा हाय की.”

“मग नाइस काय? आईच्या रश्श्याचं किती सांगायचा तुम्ही. ती आधी तुमच्या तोंडाकडं बघायची, मग स्वतः जेवायची. पुण्यात सगळे नाइस म्हणतात आणि फोन बघायला लागतात. मी तुमच्याकडनं ऐकायला आलो, पप्पा. नापास करा हवं तर. पण पेपर न बघता पास करू नका.” लग्नानंतर पुण्याच्या वळणानं ‘आले-गेले’ बोलणारी मंजू, रागात आमच्या कोल्हापूरच्या पोरींसारखी ‘आलो’ म्हणाली.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पाय मागे घेतला.

त्यांनी स्वतःच पळीनं वाटी भरून घेतली. या वेळी सावकाश प्याले. “खसखस बारीक वाटलीयस. मिरी मात्र पयल्या घोटालाच पुढं येतीय, तुझ्या आईची मागनं यायची. तू घाई करतीस. काजू जादा झालेत. आजऱ्याचे चांगले मिळाले म्हणून सगळे घालायचे नसत्यात.” मग ते वाटी टेबलावर फिरवत राहिले. “आन् नारळाचं दूध फुटू दिलं न्हाईस. हे तुझ्या आईला कधी जमलं न्हाय. मी दरवेळी सांगायचो, ती दरवेळी म्हणायची, एवढं कळतंय तर तुम्ही करून दाखवा. आता कोण म्हणत न्हाय.”

वैशालीनं डोळ्यांना पदर लावला. मंजू खुर्ची ओढून सरांना खेटून बसली.

“मी म्हणतो,” ती म्हणाली. “करून दाखवा.”

पुढच्याच महिन्यात पुण्याहून ट्रक आला. सामान वर चढत असताना मंजू आमच्या दारात आली. तिच्या हातात आमचीच वाटी होती आणि वाटीत पांढरा रस्सा. जावई तिच्यामागे खोका घेऊन उभे होते. वैशालीनं चमचाभर चाखला आणि म्हणाली, “मस्त झालाय गं!”

मंजू हलली नाही. तिनं चष्मा कपाळावर चढवला. “मस्त म्हंजे नक्की काय, काकी?”

जावई खोक्यासकट गुपचूप जिन्याकडे सटकले. वैशालीनं मुकाट्यानं दुसरा चमचा तोंडात घातला.