मोरेश्वरभाऊंची सामाईक फाइल

मे महिना, सोमवार, सकाळची बैठक. हजर: साहेब, श्वेता, मोरेश्वरभाऊ आणि मी. कूलर चालू, उपयोग शून्य.

मोरेश्वरभाऊ वॉर्निंगला एरर मानतात. नुसतं कॉम्प्युटरवर नाही. दुधाला जरासा वास आला की पातेलं मोरीत. वहिनींनी 'बरं' जरा लांबवून म्हटलं की हे आधी माफी मागतात, कशाबद्दल ते नंतर विचारतात. "वॉर्निंग म्हणजे एररच गा," हे त्यांचं पालुपद.

वीजकेंद्राच्या कोळशाच्या बोगद्यात विषारी वायू साचला तर भोंगा वाजवणारा प्रोग्रॅम आमच्या लहानशा ऑफिसात तयार होतो. प्रोग्रॅम एक, पण चालतो तीन ठिकाणी: कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर, सर्व्हरवर आणि बोगद्यातल्या छोट्या पेटीत. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे कंपायलर तिन्हींचे वेगळे. त्यांनी प्रोग्रॅमचा अर्थ एकसारखाच लावावा म्हणून भाऊंनी सगळ्या सूचना एका सामाईक फाइलमध्ये घातल्यात. तिला हात लावायचा तो भाऊंसमोर. श्वेताने एकदा तिच्यात नुसती रिकामी ओळ सोडली होती.

"काहून सोडली?"

"वाचायला बरं पडतं, भाऊ."

"पाणी आण वं मले."

गेल्या आठवड्यात भाऊ लग्नाला उमरेडला गेले. इकडे पेटीच्या नव्या कंपायलरने वॉर्निंगांचा ढीग घातला. वॉर्निंगला एरर मानायची सूचनाही भाऊंनी सामाईक फाइलमध्ये घातलेली, त्यामुळे काम पुढे सरकेना. माल पाठवायचा होता. साहेबांनी सांगितलं म्हणून श्वेताने पेटीपुरती सामाईक फाइल काढून टाकली. पेटी तयार झाली, गेली, बोगद्यात बसलीही.

"तात्पुरतंच आहे हो," साहेब बैठकीत म्हणाले.

भाऊंनी तशीच दुसरी पेटी टेबलावर मांडली. आधी कॉम्प्युटरला जोडलेल्या सेन्सरची वायर उपटली. भोंगा ठणाणा वाजला. मग पेटीची उपटली. शांतता. हिरवा दिवा तसाच.

वायर तुटली की प्रोग्रॅम उणे आकडा नोंदवतो. उणे म्हणजे बिघाड. उणे चिन्ह पाळायची ओळ सामाईक फाइलमध्ये होती. ती गेली, आणि पेटीला उणे कळेनासं झालं. न वाचलेल्या ढिगात हीसुद्धा वॉर्निंग होती.

"पण वायर तुटेल कशाला?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"उंदीर आहेत तिथं. मोठाले."

"तुम्हाला काय माहीत?"

"मंगेश सांगते ना. माहा लहान भाऊ. त्याच बोगद्यात ड्युटी आहे त्याची."

इतकी वर्षं एका खोलीत बसतो आम्ही. हे कोणालाच माहीत नव्हतं. भाऊंनी फोन लावला. आवाज खणखणीत.

"मंग्या, कुठं हायेस? ... खाली नको उतरू. ... काहून म्हणजे? पोट दुखून राहिलं म्हण. ... हसू नको बे! ... मंग्या? मंग्या?"

त्यांनी फोन खाली घेतला.

"उतरला. म्हणते, दादा, भेतं काहून, हिरवा दिवा लागून आहे. मंग रेंज गेली."

साहेब वीजकेंद्राचा नंबर फिरवत सुटले. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. श्वेताने फाइल परत जोडली, ढिगातली प्रत्येक वॉर्निंग मोठ्याने वाचत एकेक दुरुस्त केली, आणि टेबलावरच्या पेटीत नवा प्रोग्रॅम भरला. मी वायर उपटली. भोंगा वाजला. भाऊंनी ती पेटी गमछ्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि जिना उतरले. चहा तसाच राहिला.

फाइल जोडणे: झाले. पेटी तपासणे: झाले. मंगेशला वर बोलावणे: बाकी.