साळुबाईंचा राब आणि सात वीसचं विमान

यंदा मे महिन्याच्या अखेरीस साळुबाईंनी राब भाजायचं ठरवलं, त्यामुळे पुण्याहून दिल्लीला जाणारं सकाळी सात वीसचं विमान अडचणीत आलं.

या दोन गोष्टींचा संबंध वाचकांच्या चटकन लक्षात येणार नाही. साळुबाईंच्याही आला नव्हता. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून त्यांची वाडी. तिथं भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या फांद्यांचा थर देतात, वर माती पसरतात आणि पाऊस यायच्या आत पेटवून देतात. हाच राब. त्यात तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, रोप तरारून येतं. राब भाजला नाही तर वाफ्यात आधी तण उगवतं, मग जमलं तर भात, आणि वर्षभर ताटात काय पडायचं ते तिथंच ठरून जातं. ही पद्धत साळुबाईंच्या सासूची, तिच्या सासूची, तिच्याही सासूची. विमानाचा शोध त्यानंतर लागला.

निरभ्र एअरवेज ही अत्यंत संवेदनशील कंपनी. आपल्या विमानांतून धूर निघतो याचं तिला मनापासून वाईट वाटे. वाईट वाटण्यासाठी तिनं स्वतंत्र विभाग उघडला होता. त्यात चौदा माणसं होती आणि ती वाईट वाटण्याच्या परिषदांना जगभर विमानानं जात. विमानं थोडी कमी उडवावीत असा एक विचार विभागात मांडला गेला होता, पण तो कंपनीच्या उद्दिष्टांशी विसंगत आढळला आणि मांडणाऱ्याची बदली झाली. मग असं ठरलं, की आपला धूर आपल्याला थांबवता येत नसेल तर दुसऱ्या कुणाचा तरी थांबवावा आणि तो आपल्या हिशेबातून वजा करावा. हे दुसरं कुणीतरी शोधत कंपनीची जीप घोडेगाव मागे टाकून डिंभ्याच्याही वर आली.

जीपमधून उज्ज्वला मॅडम उतरल्या. हुद्दा : उपमहाव्यवस्थापक, पश्चात्ताप व हरित समन्वय. सोबत अवसरी बुद्रुकचा गोरख, कंपनीचा स्थानिक समन्वयक. देवळात सभा झाली. चहा, भेळ आणि माणशी एक हिरवी टोपी. शेवटी गोरखनं एक कागद फिरवला. सभेनंतर जो कागद फिरतो तो हजेरीचा, अशी वाडीची तीन पिढ्यांची खात्री. वृक्षारोपणाच्या सभेत तो फिरला होता, रस्ता मंजूर झाल्याच्या सभेत दोनदा फिरला होता, आणि त्यानंतर कधी काही घडल्याची नोंद नव्हती. सगळ्यांनी सह्या केल्या. साळुबाईंनी अंगठा उठवला. अशा रीतीनं पुढली दहा वर्षं राब न भाजण्याचा करार संपन्न झाला, आणि साळुबाईंचा न भाजलेला राब सात वीसच्या विमानाला जोडण्यात आला. प्रवाशांना तिकिटाबरोबर साळुबाईंचा हिरव्या टोपीतला फोटो जाऊ लागला. खाली ओळ : ‘आपलं उड्डाण स्वच्छ ठेवलं आहे सौ. साळुबाई यांनी.’

तर, मे महिना. साळुबाई वाफ्यावर फांद्या रचत होत्या. गोरख धापा टाकत चढ चढून आला.

“मावशी, काडी लावू नको.”

“का रं? वारं सुटलंय?”

“विमान अडतंय.”

साळुबाईंनी वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं. “कुठं?”

“इथं न्हाई, पुण्यात. तुझा राब पेटला की ते घाण व्हतं.”

“मंग धुऊन घ्या म्हणावं,” साळुबाई म्हणाल्या आणि पुढची फांदी टाकली.

त्यांचे यजमान गेणभाऊ बांधावर तंबाखू मळत बसले होते. “मी काय म्हंतो पावणं,” ते म्हणाले, “एक दिस नसंल उडालं तर नसंल. आमची यष्टी चार-चार दिस येत न्हाई, आमी कुनाला काय बोलतो का?”

हे बोलणं अडाणीपणाचा नमुना म्हणून गोरखनं जसंच्या तसं वर कळवलं. वर मात्र त्यावर तातडीची बैठक बसली. एसटी येत नाही म्हणजे डिझेल जळत नाही. जळत नाही म्हणजे वाचतं. आणि या बचतीचं श्रेय अजून कुणीच घेतलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला मॅडम स्वतः आल्या.

“साळुबाई, तुम्हाला राब भाजायचाय ना? भाजा. फक्त तेवढाच धूर वाडीत दुसरीकडे वाचल्याचं दाखवायला हवं. तर सांगा, तुमच्याकडे काय काय नाही?”

वाडीला असा प्रश्न पहिल्यांदाच विचारला गेला. आजवरचे साहेब काय काय आहे ते विचारत, आणि चहा निवायच्या आत उत्तर संपे. हे उत्तर दुपार कलली तरी चाललं होतं. फ्रीज नाही. गिझर नाही. मोटार नाही. दिवसातले सहा तास वीज नाही. जवळ दवाखाना नाही, त्यामुळे दवाखान्याच्या एसीचा प्रश्न नाही. मॅडमचा हात दुखून आला, पण चेहरा उजळला होता.

“इतकं प्रगत गाव मी युरोपातही पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या.

“मंग लावू काडी?” साळुबाईंनी विचारलं.

“एक छोटीशी अट आहे. नुसतं नसून चालत नाही. ती वस्तू तुम्ही घेणार होता आणि पर्यावरणासाठी मन मारलंत, असं हवं. नाहीतर ती आमच्या भाषेत साधी गरिबी होते. तिला भाव नाही.”

त्यासाठी ‘संकल्प व त्याग’ नावाचं प्रपत्र होतं, तीन प्रतींत. वाडी कामाला लागली. आपल्या माणसाचा राब अडलाय म्हटल्यावर कुणी मागे राहिलं नाही. गेणभाऊंनी दोन खोल्यांतल्या दोन एसींचा त्याग केला. घराला खोली एकच, तेव्हा दुसऱ्या खोलीचाही केला. वाडीतल्याच सरूबाईंनी कपडे धुवायचं मशीन सोडलं आणि वर, आपण होऊन, स्वित्झर्लंड सोडलं. पण हे सगळं मिळूनही मॅडमच्या कॅल्क्युलेटरवर राब निम्माच भाजून होत होता.

तेव्हा कुशाबा पुढं झाला. साळुबाईंचा शेजारी, वय सत्तरीच्या पुढं, अंगात बंडी.

“माजं लिवा. मी इमान घेनार व्हतो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “विमान?”

“व्हय. यंदाचा हिरडा इकून. ठरलंच व्हतं समदं.”

“मग का नाही घेतलं?”

“पर्यावरन,” कुशाबा म्हणाला. हा शब्द त्याला सकाळी साडेदहाला कळला होता.

गोरखनं तोंड फिरवलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. प्रपत्रात ‘इतर वाहने’ असा रकाना होता आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. कुशाबानं न घेतलेलं एक विमान म्हणजे कंपनीनं उडवलेलं एक विमान. इतका काटेकोर समतोल विमान वाहतुकीत आजवर कुणी साधला नव्हता. मुख्यालयात केक कापला गेला. साळुबाईंना राब भाजण्याची लेखी परवानगी आली, पडताळणीच्या अधीन राहून.

पडताळणीसाठी परदेशातून एक साहेब आले. तीन विमानं बदलून आले, पण पडताळणीचा धूर मोजायचा नसतो. अंगानं किरकोळ, स्वभावानं सज्जन आणि कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवण्याची पदवी घेतलेले. गोरख दुभाष्या झाला.

“साहेब इच्यारत्यात, इमान उतरवनार कुठं व्हतास?”

कुशाबानं चहूकडे पाहिलं. चहूकडे डोंगर. सपाट म्हणावं असं एकच ठिकाण होतं : साळुबाईंचं भाताचं खाचर आणि त्याला लागून राबाचा वाफा. त्यानं हनुवटीनं तिकडं दाखवलं. दाखवल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण हनुवटी परत घेता येत नाही.

साहेबांचं समाधान झालं. टेप लागली, चुन्याची फक्की पडली, आणि संध्याकाळी वाफ्याच्या कडेला एक भलीमोठी पाटी उभी राहिली : ‘संकल्पित धावपट्टी. येथे मशागत, पेरणी व ज्वलन करण्यास सक्त मनाई आहे.’ कारण सरळ होतं. तिथं भात उगवला तर विमान येणारच नव्हतं असं सिद्ध होतं. विमान येणारच नव्हतं तर त्याग खोटा. त्याग खोटा तर सात वीसचं विमान पुन्हा घाण.

“म्हंजी,” साळुबाई एकेक शब्द तोलून म्हणाल्या, “जे इमान येनार न्हाई, त्याला उतरायला माज्या भातानं जागा सोडायची.”

“तात्पुरती,” मॅडम म्हणाल्या.

“कवापातुर?”

“दहा वर्षं.”

साळुबाई कुशाबाकडं वळल्या. “भावजी, तुमचं इमान हालवा हितनं.”

“वैनी, घेतलंच न्हाई तर हालवू काय?” कुशाबा रडकुंडीला आला होता. “मॅडम, मी त्याग माघारी घेतो.”

“मग विमान विकत घ्यावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. “प्रपत्रात तसं आहे.”

पश्चिमेच्या कड्यावर काळं आभाळ दाटलं होतं. पाऊस दोन दिवसांवर. ओला राब पेटत नाही, आणि वाया गेलेलं रोप परत टाकायला जून थांबत नाही. गोरखनं मुख्यालयाला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी मौल्यवान असल्याचं तिथलं यंत्र त्याला पाऊण तास सांगत होतं.

सकाळी सातच्या सुमारास साळुबाई वाफ्यावर आल्या. पाटी हलवून पाहिली, मग उपटली, आणि राबावर आडवी टाकून खालून काडी लावली.

“पाटी बी जळती का?” गेणभाऊंनी बांधावरून विचारलं.

“लई झ्याक. सागाची दिसती.”

धूर सरळ वर गेला. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि आठ दिवसांत वाफा पोपटी झाला.

राब पेटला त्या दिवशी सात वीसचं विमान सात वीसलाच उडालं. ते अडेल असं कंपनीत कुणाच्या मनातही नव्हतं. फक्त प्रवाशांच्या मोबाईलवर एक संदेश गेला : ‘क्षमस्व. सौ. साळुबाई यांच्या बेजबाबदार वर्तनामुळे आपलं आजचं उड्डाण अस्वच्छ झालं आहे.’ विमानात एकशे ऐंशी प्रवासी होते. दिल्लीला सामान पट्ट्यावर यायच्या आत एकशे बहात्तर तक्रारी आल्या. उरलेले आठ झोपले होते.

त्या तक्रारी उज्ज्वला मॅडमच्या टेबलावर आहेत. तुमचीही आहे. खिडकीजवळची जागा, सहकुटुंब, पुढं मनालीला. ‘आम्ही तिकीट काढताना पर्यावरणाच्या चौकटीवर आठवणीनं खूण केली होती. ग्रामीण भागात जनजागृतीची नितांत गरज आहे,’ असं तुम्ही लिहिलं आहे. शुद्धलेखन उत्तम. खाली ताजा कलम आहे : ‘त्या बाईंचा तांदूळ नैसर्गिक असणार. नवीन पीक आलं की पाच किलो घरपोच मिळेल का? विमानानं पाठवला तरी चालेल.’