क्लास कशाला?

जाहिरात पहिल्यांदा लागली तेव्हा मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत शेजारपाजारची नऊ माणसं दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर एक टक्कल पडलेले गृहस्थ जाडजूड पुस्तक उघडून कॉम्प्युटरसमोर घाम पुसत होते. मागून मास्तरांची आठ वर्षांची लेक चिमणी आली. तिने एकच बटण दाबलं, कॉम्प्युटर लख्ख उजळला आणि ती सगळ्यांकडे बघत म्हणाली, "क्लास कशाला? हे तर मलाही येतं!"

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. कारण भिंतीपलीकडच्या दोन खोल्यांत मास्तरांचा कॉम्प्युटर क्लास होता. अकरा वर्षं ते तिथे मोठ्या माणसांना शिकवत होते.

"अगंबाई," शेजारच्या काकू पुटपुटल्या, "पोरीने बापाच्याच पोटावर पाय दिला की!"

झालं होतं असं, की चिमणीचा मामा जाहिरातवाल्यांकडे मेकअपचं काम करायचा. ठरलेल्या मुलीचे ऐन वेळी पुढचे दोन दात पडले आणि मामाला भाचीचे शाबूत दात आठवले. मामा दारात चपला घालून घाई करत असताना मास्तरांनी करारावर न वाचता सही ठोकली. "आधी वाचा, मग 'हो'वर दाबा," हे क्लासात दिवसातून दहादा बजावणारा माणूस तो!

सोमवारी निवृत्त पोस्टमन आले ते वही परत द्यायलाच. मास्तरांचा हा सगळ्यांत मन लावून शिकणारा विद्यार्थी. परदेशी गेलेल्या मुलीला पत्र टाइप करण्यासाठी तो चार महिने झटत होता.

"राग मानू नका सर, पण मी थांबतो."

"अहो, पत्राच्या दोन ओळी झाल्यात तुमच्या!"

"चार महिन्यांत दोन. आणि ती एवढीशी पोर..." पोस्टमननी वही टेबलावर ठेवली. "दोष तुमचा नाही. आमच्याच डोक्यात काही शिरत नाही."

आठवडाभरात बाराचे चार राहिले. मास्तरांनी जाहिरातवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज साखरेत घोळवलेला होता.

"सर, काय गोड मुलगी आहे हो तुमची! दुसरी जाहिरात करतोय आपण."

"ते वाक्य आधी काढा."

"कोणतं? ते तर सगळ्यांना तोंडपाठ झालंय!"

मामाने करार काढून दाखवला. वाक्यं ठरवण्याचा हक्क कंपनीचा होता. खाली मास्तरांची सही होती, चांगली वळणदार.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरचे औषधवाले दारात उभे राहिले. हातात भलंमोठं खोकं, पाठोपाठ बायको. जाहिरात बघून त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता.

"मास्तर, तुम्हाला त्रास नाही देत. बाळ आहे का घरात?"

चिमणीला आतून बोलावलं. टेबलावर कॉम्प्युटर मांडला गेला. तिने एक बटण दाबलं. काही झालं नाही. तिने दुसरं दाबलं, मग तिसरं. शेवटी काही सुचेना तेव्हा तिने औषधवाल्यांकडे वळून गोड हसून सांगितलं, "क्लास कशाला? हे तर मलाही येतं!"

"हो गं बाळ," औषधवाले काकुळतीने म्हणाले, "पण चालू कुठून होतं?"

चिमणीचा चेहरा पडला. तिने बापाकडे पाहिलं.  खरं सांगायचं तर मास्तरांना थोडं बरं वाटत होतं. मग पोरीचा ओठ थरथरायला लागला तसे ते उठले आणि त्यांनी मुकाट्याने वायर जोडली. पडदा उजळला.

"शाब्बास गं पोरी!" औषधवाल्यांची बायको म्हणाली.

पाहुणे गेल्यावर चिमणी टेबलाखाली जाऊन बसली. मास्तर गुडघे मोडत खाली वाकले.

"बाबा, मी खोटं बोलले ना? जाहिरातीतला कॉम्प्युटर म्हणजे नुसतं रिकामं खोकं होतं. आत काहीच नव्हतं. तिथले काका म्हणाले, नुसतं बोट ठेव, उजेड आम्ही नंतर घालतो."

"मग तू सांगितलं नाहीस, मला येत नाही म्हणून?"

"कुणी विचारलंच नाही. आणि तुम्ही तर मला कॉम्प्युटरला कधी हात लावू देत नाही."

 अकरा वर्षं जगाला शिकवणाऱ्या बापाने पोरगी मशीन बिघडवेल म्हणून तिला क्लासाच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्चीवर दोन उशा रचल्या, चिमणीला वर बसवलं आणि वायर कुठे जाते इथपासून सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिला पोस्टमन दिसले. तिने रस्त्यातच त्यांना गाठलं.

"आजोबा, तुम्ही क्लास का सोडलात?"

"तुझ्यासारखं डोकं नाही गं मला."

"मला पण येत नव्हतं! जाहिरातीतलं ते खोकं रिकामं होतं. मी आत्ता कुठे शिकतेय. काल माझ्या दोनच ओळी झाल्या."

पोस्टमन तिथेच दगडावर टेकले. आधी त्यांना कळेना. मग ते हसायला लागले, इतके की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "दोन? माझ्याइतक्याच?" संध्याकाळी ते नवी वही घेऊन हजर झाले आणि चिमणीशेजारचीच खुर्ची धरून बसले. गावभर पत्रं वाटलेल्या त्या माणसाने ही बातमीही घरोघर पोचवली. पंधरा दिवसांत चाराचे सोळा झाले. त्यांत औषधवाले नवराबायकोही होते.

दुसऱ्या जाहिरातीसाठी मात्र जाणं भाग होतं. करारच तसा होता. मास्तरांनी चिमणीला मामाबरोबर सकाळी पाठवलं आणि ती दुपारच्या जेवणाला परत आली. मागोमाग फोन वाजला. त्याच बाई होत्या, पण आवाजातली साखर संपली होती.

"सर, मुलीला काय झालंय? आधी वायर कुठे आहे विचारते. बोट ठेव म्हटलं तर म्हणते, हे बटण आवाजाचं आहे. दिग्दर्शकांना तिने त्यांचा कॉम्प्युटर नीट बंद करायला शिकवलं, सगळ्यांसमोर! अशी जाणकार मुलगी आम्हाला कशी चालेल? कॉम्प्युटर किती सोपा आहे ते दाखवायचंय आम्हाला."

"मग आता?"

"करार रद्द. तुमच्या ओळखीत एखादं मूल आहे का, अजिबात काही न येणारं?"

मास्तरांनी दारातून क्लासात पाहिलं. पोस्टमन एकेक अक्षर शोधत टाइप करत होते आणि उशांवर बसलेली चिमणी अगदी गंभीरपणे त्यांची चूक दाखवत होती.

"होती एक," मास्तर म्हणाले, "पण तिला मीच बिघडवलं." आणि त्यांनी फोन ठेवला.